घुबड बंडीनं आलं

मामाजी, तुम्ही हयात होते तेव्हा तुमच्यासमोर तोंड वर करून मी एक शब्द बोलले नाही, आणि आता एकदम पत्रच लिहायला बसले आहे, तेव्हा आधी जरा टेकून बसा. साष्टांग दंडवत लिहीत नाही. गुडघे कामातून गेले आहेत, खोटं कशाला लिहायचं? आणि तुम्हाला तरी दंडवत कुठं चालायचा? सुना वाकून पाया पडल्या की तुम्ही मागे वळून बघायचे, "कोणं आला गा मोठा मानूस?" म्हणून. डोक्यावर पदर मात्र घेतला आहे. घरात कोणी नाही, वर पंखा गरगरतो आहे, पदर सारखा खाली येतो, तरी घेतला आहे. सासऱ्याला लिहायचं आणि उघड्या डोक्यानं, हे काही माझ्याच्यानं होणार नाही.

झालं असं की परवा सकाळी नातू मोबाईल धरून बसला होता. हसत होता आणि मध्येच डोळे पुसत होता. मला वाटलं, झालं, याने परस्पर लग्न ठरवलं. विचारलं तर म्हणाला, "आजी, एक स्टँड-अप कॉमेडियन गेला गं." ओळख ना पाळख, त्या माणसासाठी पोरगं रडत होतं! मग त्यानं मला समजावून सांगितलं. हा माणूस म्हणे एकटाच उभा राहून बोलायचा. नाटक नाही, पडदा नाही, नुसतं घरातलं, बायकोचं, शेजाऱ्याचं सांगायचा आणि लोक पोट धरून लोळायचे. आता तो गेल्यावर सगळे त्याचे विनोद एकमेकांना पाठवताहेत, हसताहेत आणि रडताहेत. मी म्हटलं, "उभ्यानं सांगायचा ना? मग त्याला आपल्या गावाकडं खडी गंमत म्हणतात." तो म्हणाला, "आजी, हे वेगळं असतं." वेगळं असतं म्हणे! अरे, माझ्या सासऱ्यानं नुसतं उभं राहून अख्खा चांदा जिल्हा आडवा केला होता. तसं त्याला सांगितलं तर पठ्ठ्यानं मोबाईल बाजूला ठेवला आणि विचारलं, "मग तू तर खूप हसत असशील ना, आजी?" आणि मामाजी, काय सांगू त्याला? हसले, पण कोणी पाहिलं नाही, असं? म्हणून त्याला काही न सांगता तुम्हालाच लिहायला बसले.

तुम्ही स्वतःला खड्या गमतीच्या खेळात उभं असलेलं कधी पाहिलं नाही, म्हणून सांगते. दिवाळी सरायची, धान पिवळं पडायचं आणि गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरायची. भर दुपारी बाजारचौकात ढोलकी आणि टुणटुणं घुमायचं, लुगडं नेसलेला नाच्या गिरक्या घ्यायचा, शाहीर गाऊन गाऊन घसा बसवून घ्यायचा, आणि लोक मात्र माना उंच करून एकच विचारायचे, "भाऊ कवा येते?" मग तुम्ही यायचे. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर दुपट्टा, सुपाएवढे कान, आणि चेहरा असा की नुकतीच घरची म्हैस मेली आहे. काही न बोलता उभे राहायचे. एक हसायचा, दुसरा हसायचा. तुम्ही काळजीनं विचारायचे, "काऊन जी? काई झालं काय?" की संपलंच. मग ते जंगल खात्याच्या नाकेदाराचं. "नाकेदारानं धरलं मले. म्हणे, लाकूड तोडून राह्यला काय बे? म्हटलं, नाई साहेब, पडलेलं हाये. म्हणे, कवा पडलं? म्हटलं, आत्ताच. तुमाले पाह्यलं अन् हातातून पडलं." समोर पहिल्या रांगेत बसलेला खराखुरा नाकेदारच सगळ्यांच्या आधी लोळायचा. आणि आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो तेव्हाचं आठवतं का? "झोपलो तवा मध्य प्रदेशात होतो, उठलो तं मुंबई राज्यात! बायकोले म्हटलं, अवं, तिकीट काढलं होतं काय? म्हणे, तुमी घोरत होते, मनून तिकीटबाबूनं उठवलंच नाई." हे मी आता लिहिते आहे आणि एकटीच हसते आहे. अक्षर वाकडं आलं तर म्हातारपणावर घालू नका.

मी वैनगंगेच्या पलीकडून तुमच्या घरात आले त्या दिवशीच आत्याबाईंनी मला आत नेऊन कायदा सांगितला. त्या तुमच्या बायको होत्या खऱ्या, पण घरात कलेक्टर त्याच होत्या. "सासऱ्यासमोर पदर ढळला नाई पायजे, आवाज आयकू आला नाई पायजे, अन् दात तं दिसलेच नाई पायजे." दुसऱ्या कोणत्याही घरी हे सहज जमलं असतं. लोकांच्या सासऱ्यांमध्ये हसण्यासारखं असतं तरी काय? पण मी पडले तुमच्या घरी. माप ओलांडताना घाबरून माझा पाय जरा जोरात लागला आणि तांदूळ उडाले ते थेट तुमच्या अंगावर. बायका "अगं बाई" करताहेत तोवर तुम्ही मिशीतला तांदूळ काढून हातावर घेतला आणि म्हणाले, "सुनेनं पयल्याच लातीत धानाची बांधी पेरली. आता मले काई काम नाई राह्यलं." मी पदर तोंडात कोंबला. दातांनी आवळला. श्वास कोंडला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आणि एक म्हातारी म्हणाली, "मायची याद आली व बिचारीले." तुमचा चेहरा एवढासा झाला. पदराआडून मला दिसलं ते. पोरीला आपण रडवलं असं तुम्हाला वाटलं, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

तेव्हापासून माझं काम एकच, तुमचं बोलणं सुरू झालं की पदर गाठायचा. भात रांधताना पदर तोंडात, चुलीत फुंकताना पदर तोंडात. माझ्या सगळ्या लुगड्यांच्या पदरांना भोकं पडली होती आणि आत्याबाई उंदरांच्या सात पिढ्या उद्धरत होत्या. तुम्ही समोरच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, जेवायला बसायचे. मी आत चुलीपाशी. मध्ये कुडाची भिंत, म्हणजे काय, बांबूच्या काड्या आणि वर शेणमातीचा हात. सगळं ऐकू यायचं. तुमच्याशी सरळ बोलायची सोय नव्हती, म्हणून मी आपल्या सपरीत बांधलेल्या वासराला सांगायची, "वासरा, वरण-भात वाढला म्हणावं." तुम्ही हूं करायचे आणि पाटावर बसायचे. पुढच्याच मंडईत तुम्ही ते लोकांना सांगून मोकळे! "माह्या घरी सून वासराले जेवाले बोलावते अन् मी जाऊन बसतो. एक दिवस मले उशीर झाला, तं वासरूच पाटावर जाऊन बसलं होतं. मी म्हटलं, ऊठ. तं माह्याकडे असं पाह्यलं त्यानं! म्हणे, बोलावलं कोणाले होतं?" त्या मंडईला मीही होते, आपल्याच गावची ती, बायकांमध्ये बसले होते. सगळा चौक उलटापालटा झाला. माझी मोठी जाऊ माझ्या मांडीवर पडून हसत होती. मी मात्र सुनेसारखी बसले, पाठ ताठ, पदर हनुवटीखालपर्यंत. आणि तुम्ही नेमकं माझ्याकडंच पाहिलं.

त्याच संध्याकाळी तुम्ही आत्याबाईंना म्हणाले ते मी कुडाआडून ऐकलं. "पूरा चौक हालला, पन एक पदर नाई हालला. गावंच्या गावं हासतेत माह्यावर, घरची सून नाई हासत. मी का तिले सरकारी शोकसभा वाटतो?" आत्याबाई म्हणाल्या, "सासऱ्याले हासन काय ते? चांगल्या घरची हाये." तुम्ही म्हणाले, "चांगल्या घरचे का हासत नाई?" आणि ताटावरून तसेच उठले. मला इतकं वाईट वाटलं, मामाजी! पळत बाहेर यावं आणि सांगावं, अहो, मी हसते, पोट दुखेपर्यंत हसते. पण सांगायचं कसं? आपल्या भाषेनंच वाट अडवली होती. "मी तुम्हाला हसते" म्हटलं तर ती शिवी झाली. "तुमच्या बोलण्यावर हसते" म्हटलं तर तीही. सुनेनं सासऱ्याला हे सांगावं असा चांगला शब्दच कोणी करून ठेवला नव्हता. शेवटी रात्रभर विचार करून मी दुसऱ्या दिवशी वासराला गाठलं. "वासरा, इकडे लय हसू येते म्हणावं. पोट धरून हसू येते." सपरीतून तुमचा आवाज, आत्याबाईंना, "अवं, वासराले काय झालं? पोटात कसंतरी होते म्हणते सून." आणि त्या बिचाऱ्या वासराला तुम्ही दोघांनी धरून गुळवेलाचा काढा पाजला. मला ते दाराच्या फटीतून दिसत होतं. पदराला आणखी एक भोक पडलं.

यानंतर काही दिवसांनी तुमच्यात एक फरक पडला. तुम्ही पुन्हा पहिल्यासारखे बोलायला लागले, किंबहुना घरी जास्तच. आणि जेवताना पाट ओढून कुडाला खेटून बसायचे, उजवा कान भिंतीला टेकलेला. मला वाटलं, वय झालं, ऐकू कमी येत असेल. म्हणून मी वासराशी ओरडून बोलायला लागले, तर वासरू बिचकायचं. दुसरं म्हणजे बांगड्या. जिथं जिथं मंडई, तिथून माझ्यासाठी काचेच्या बांगड्या यायला लागल्या. हिरव्या, लाल, सोनेरी ठिपक्यांच्या. हाती द्यायची रीत नव्हती, आत्याबाईंच्या हातून यायच्या. त्या म्हणायच्या, "माह्यासाठी कधी एक नाई आनली ह्या मानसानं. सुनेचे लाड पाह्य!" माझे हात मनगटापासून कोपरापर्यंत भरले. तुमचा मुलगा, जो तुमच्या पोटी जन्मून कधी हसायला शिकला नाही, मूल गावच्या राइस मिलमधून घरी आला की म्हणायचा, "तू येऊन राह्यली की कोणाची बंडी येऊन राह्यली?" बैलगाडीच्या घुंगरांसारख्या बांगड्या वाजायच्या ना! तो तेवढा एकच विनोद करायचा आणि तोही त्याला विनोद वाटत नव्हता.

आता घुबडाचं सांगते. त्याच्याशिवाय तुमची गोष्ट पुरी होत नाही. उन्हाळा होता. मागच्या वाडीतल्या आंब्याच्या डहाळ्या उतरवून आणल्या होत्या आणि मी चुलीपाशी लोणच्याच्या कैऱ्या काढत बसले होते. तुम्ही सपरीत जेवत होते आणि आत्याबाईंना सांगत होते, "एक घुबड सासुरवाडीले गेलं. सासूनं इचारलं, जवाईबापू, कसे आले? घुबड म्हणे, बंडीनं." आत्याबाई म्हणाल्या, "अन् मंग?" तुम्ही म्हणाले, "मंग काय? आलं. बंडीनं." आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. पण तुम्ही एकदम उठले, ताटात निम्मा भात तसाच. चेहरा असा उजळला होता, जशी जन्माची कमाई सापडली आहे. हात धुतले न धुतले आणि तुमच्या गमतीतल्या ढोलकीवाल्या भाऊंच्या घराकडे निघून गेले.

आणि ते घुबड जे पडलं, ते पडलं! लग्नसराईत एका वरातीपुढं सांगितलं, कोणी हसलं नाही. मूलच्या बाजारात सांगितलं, एका माणसानं जांभई दिली. लोक म्हणायचे, "मंग?" आणि तुम्ही म्हणायचे, "बंडीनं." गंमत रंगात आलेली असायची, लोक लोळत असायचे आणि तुम्ही घुबड काढायचे, की सगळं थंडगार. साथीदार पाया पडायचे, भाऊ, घुबड नका काढू. तुम्ही हट्टाला पेटलेले. दर वेळी घुबड, दर वेळी बंडी. पोरं तुम्हाला रस्त्यात विचारायची, "घुबड बसलं काय जी बंडीत?" आत्याबाईंनी तर देवाला नवस बोलला की हे घुबड उडून जाऊ दे. एवढा शहाणा माणूस या एका गोष्टीपायी वेडा का झाला, ते कोणाला कळत नव्हतं. मलाही नाही.

त्याच वर्षीच्या मंडईत तुम्ही गेले. आरमोरीच्या अलीकडे, दुपारच्या गमतीत. उभ्या उभ्या छातीला हात लावला, आणि "काऊन जी?" म्हणाले. लोक हसले. तुम्ही खाली बसले. लोक आणखी हसले. मग ढोलकी थांबली. हे मी पाहिलं नाही, ऐकलं. पाहिलं ते एवढंच की सूर्य कलला होता, अंगणात बैल थांबले, आणि ढोलकीवाले भाऊ खाली उतरून बैलाच्या मानेला धरून उभे राहिले. मी तुमच्या पायांपाशी बसले. पायाला भोवऱ्या पडल्या होत्या, इतके तुम्ही चालले होते. सगळे रडत होते आणि माझ्या मनात एकच, की हा माणूस आता गेला, आणि मी त्याला एकदाही हसून दाखवलं नाही. सुनेला मी आवडलो नाही, हे घेऊन गेला. नवरा समजूत घालायला आला तर मला त्यालाही सांगता येईना. काय सांगू? तुमच्या बापावर हसायचं राहिलं, असं?

तेरवीला आत्याबाईंनी सकाळीच बजावलं, "आज कोणी दात दाखवाचे नाई. जिंदगीभर हासले लोक त्यायले. एक दिवस तं रडू द्या." त्यांचे हात मोकळे होते. त्या हातांकडे मला बघवत नव्हतं. माणसं आली ती थांबेचनात. मंडपात जागा पुरेना, लोक बांध्यांमध्ये, कापलेल्या धानाच्या खुंटांवर बसले. नाकेदार आला, तिकीटबाबूसारखी टोपी घातलेला कोणी आला, वैनगंगेकडचे ढिवर आले ते सोबत वाळलेली मासळी घेऊन, तेरवीला! सगळे एकमेकांना हळूच तुमचं काहीतरी सांगायचे, ओठ थरथरायचे, आणि आत्याबाईंच्या धाकानं मान खाली घालायचे. एवढी माणसं एकाच वेळी हसू दाबताना मी कधी पाहिली नाहीत. मला बरं वाटलं, वाटलं, आज सगळेच सुना झालेत.

आत्याबाईंचे थोरले भाऊ, म्हणजे तुमच्या मुलाचे मामा, उमरेडकडून आले होते. मोठे कडक. "आमची बहीण गंमतवाल्याले देल्ली," हे त्यांचं कायमचं दुःख. मातीला त्यांना पोचता आलं नव्हतं, म्हणून मंडपाच्या मध्ये बसून ते सगळ्यांना गंभीरपणे विचारत होते, कधी झालं, कसं झालं. ढोलकीवाले भाऊ समोर हात जोडून उत्तरं देत होते, डोळे सुजलेले. सगळा मंडप गप्प ऐकत होता. शेवटी मामा खाकरले आणि म्हणाले, "मंग जवाईबापूले आनलं कसं?"

ढोलकीवाले भाऊ म्हणाले, "बंडीनं."

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग ढोलकीवाल्या भाऊंच्या स्वतःच्याच ध्यानात आलं आपण काय बोललो ते, आणि त्यांनी तोंडावर हात दाबला. मागून कोणाच्या तरी नाकातून फुर्रकन आवाज आला. नाकेदार फुटला. ढिवर फुटले. मंडपातून बांधीत आणि बांधीतून पार तलावाच्या पाळीपर्यंत हसू पसरत गेलं, माणसं खुंटांवर लोळली, तांबे लवंडले. मी दाराआड आत्याबाईंजवळ उभी. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडताहेत, आता काही खरं नाही. मी त्यांचा हात धरला. तर त्या माझ्या कानात म्हणाल्या, "त्या मेल्या घुबडानं शेवटी रंग भरलाच व माय." आणि मग मात्र पदर शोधायलाही वेळ मिळाला नाही. मी हसले. त्या घरात पहिल्यांदा, तोंड उघडून. माझं हसू कसं आहे हे तोवर माझं मलाच माहीत नव्हतं. चांगलं दणदणीत निघालं आणि वर हातभर बांगड्यांचा खणखणाट!

सगळे दाराकडे पाहायला लागले. मामा म्हणाले, "कोणं हासलं?" मी आणखी दाराआड सरले. तेवढ्यात ढोलकीवाले भाऊ उठून उभे राहिले. रडत होते की हसत, काही समजेना. म्हणाले, "कोणी रागावू नका तिले! हाच आवाज हाये. ह्याच आवाजावर भाऊनं गंमत केली." आणि मग त्यांनी सांगितलं. "एक दिवस भाऊ पळत माह्या घरी आले. म्हणे, हासते रे, माही सून हासते! म्हटलं, पाह्यली काय तुमी? म्हणे, दिसली नाई, वाजली! पदर कोंबते तोंडात, मंग आंग हालते अन् बांगड्या वाजतेत. म्हटलं, मंग घरी सांगा. म्हणे, खबरदार. सांगतलं तं लाजून हात गुंडाळून बसन. तवापासून नवी गोष्ट आधी घरी जेवतानी, मंग मंडईत. वाजली तं ठेवाची, नाई वाजली तं टाकून द्याची. बांगड्या बी कशा, कासाराच्या इथी बसून एकेक कानाशी वाजवून घ्याचे, मडकं घेतल्यावानी. मुक्या नको म्हणे."

मी चौकटीला धरून उभी होते. कुडाला टेकलेला तुमचा तो कान मला दिसत होता. तुम्हाला माहीत होतं! सगळं माहीत होतं. मी तिथंच खाली बसले आणि हुंदके देऊन रडले, आणि या वेळी कोणाला मायची याद वाटली नाही. ढोलकीवाले भाऊ डोळे पुसत पुढं म्हणाले, "घुबडाचंही म्हटलं मी त्यायले, भाऊ, सोडा त्याले. तं म्हणे, तुले नाई समजत. ह्या गोष्टीवर बांगड्या जितक्या वाजल्या तितक्या कशावरच नाई वाजल्या. थांबतच नोहत्या. लोक मागं हायेत, सून समोर हाये. लोकायले वेळ लागन." सगळ्या मंडपानं माझ्या हातांकडे मोठ्या आदरानं पाहिलं. फक्त मामांच्या कपाळाला आठी होती. ते म्हणाले, "पन घुबडाले पख असतेत. ते उडून काऊन नाई आलं?" कोणीतरी म्हणालं, "जवाई होतं जी. जवाई का उडत येते?" झालं! पुन्हा तलावाच्या पाळीपर्यंत. शेवटी मामाही हसले. बहीण चांगल्या घरी दिली होती, हे त्यांना त्या दिवशी समजलं असावं.

पुढं कितीतरी वर्षं लोक मला विचारायचे, "बाई, त्या घुबडात तुमाले आधीच काय दिसलं होतं जी?" मी नुसती हसायची, समजणाऱ्यांतली असल्यासारखी. नातवाला घुबडाचं अजून सांगितलेलं नाही. आत्ता येऊन तो विचारून गेला, "आजी, हे पत्र पाठवणार कसं?" मी म्हटलं, "बंडीनं." तो हसला नाही. वेळ लागेल त्याला. पण खरं सांगायचं तर मी हे पाठवणारच नाही. गव्हाच्या डब्यात खाली ठेवून देणार आहे, कारण आता जे लिहिते ते तुमच्यापर्यंत पोचलेलं मला चालणार नाही. त्या कैऱ्यांच्या दिवशी, मामाजी, मी हसत नव्हते. आंब्याच्या पानांतली एक लाल मुंगी माझ्या पोलक्याच्या बाहीत शिरली होती. तुम्ही बाहेर, म्हणून ओरडायची सोय नाही, आणि ती तर चावते आहे, चावते आहे, आणि मी आपली हात झटकते आहे. घुबड कसं आलं ते मी धड ऐकलंसुद्धा नव्हतं. तेवढी ती एक मुंगी सोडा. बाकी सगळ्या वेळी मीच हसले होते.